चाळीस अंशांचं पाणी

सोमवारी सकाळी साडेनऊला जपानहून मेल आला आणि त्यानंतर नयना सावे दिवसभर खुर्चीत बसली नाही.

मेल श्रुतिकाने वाचून दाखवला. श्रुतिका नयनाची मुलगी. बी.एस्सी. झाल्यावर मुंबईत नोकरी शोधता शोधता ती आईच्या कारखान्याची कागदपत्रं बघायला लागली, ती तिथेच राहिली. जपानच्या एका व्यापाऱ्याला पाच रंगांचे फुगे नमुना म्हणून पाठवले होते. पांढरा, निळा आणि हिरवा पास झाले होते. लाल आणि नारिंगी नापास.

"नापास म्हणजे काय झालं?" नयनाने विचारलं.

"रंग उतरतो. लहान मुलांच्या खेळण्यांना त्यांचा नियम आहे. चाळीस अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. पाण्याला रंग आला, तर माल आत घेत नाहीत."

"फुगा काय पाण्यात टाकायला असतो?"

"तोंडात घालायला असतो, आई. फुगवतात ना."

नयना शेडच्या या टोकाहून त्या टोकाला गेली, भट्टीचा काटा उगाच पाहून आली, मग पुन्हा टेबलापाशी उभी राहिली.

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला ही पत्र्याची शेड तिच्या वडिलांनी उभारली होती. फुग्यांचा धंदा डहाणूला नवा नाही, बरीच घरं त्यावर चालली. केरळहून रबराचा चीक यायचा, सगळे त्याला लॅटेक्स म्हणायचे. त्यात रंग कालवायचा, साचे बुडवायचे, गळ्याची कड हाताने वळायची, गरम पाण्यातून काढून भट्टीत भाजायचे. नवरा श्यामकांत रेल्वेत, बुकिंग ऑफिसात. त्याच्या पगारावर घर निर्धास्त होतं, पण कारखान्यातल्या बावीस बायकांना तो पगार काय कामाचा? तीन वर्षांपूर्वी बाजारात परदेशी फुग्यांची पाकिटं आली. नयनाला नुसता लॅटेक्स ज्या भावात पडायचा, त्याच्याही खाली ती विकली जात होती. गेल्या वर्षी बावीसपैकी आठ जणींना तिने घरी बसवलं होतं. त्यानंतर ती जपानच्या मागे लागली. वर्षभर पत्रव्यवहार केला, तेव्हा कुठे नमुने मागवले गेले.

"तिकडे फुग्यावर कर नाही म्हणत होते ना ते?" तिने विचारलं.

"नाहीच आहे. करार झालाय दोन देशांचा. कर शून्य."

"म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि उंबऱ्यावर माणूस बसवायचा. नको तर नको म्हणा ना सरळ."

"हिराता-सान गुरुवारी येणारच आहेत, असं लिहिलंय खाली," श्रुतिका म्हणाली. हिराता म्हणजे तो व्यापारी, 'सान' म्हणजे तिकडचं 'साहेब'. "कारखाना बघायचा आहे म्हणतात."

दुपारी दिपकभाई आले. दिपकभाई गुजराती, त्यांचा कारखाना तिच्यापेक्षा तिप्पट मोठा, आणि डहाणूतल्या फुगेवाल्यांच्या मंडळाचे तेच अध्यक्ष. वडिलांच्या वेळेपासूनचा घरोबा होता. त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला.

"नयनाबेन, सही. शनिवारपर्यंत सगळ्यांच्या गोळा करायच्या. पुढच्या महिन्यात दिल्लीला जायचंय."

अर्जात तीन मागण्या होत्या. परदेशी फुग्यांवरचा आयातकर वाढवावा. परदेशी फुगे तपासल्याशिवाय बंदरातून सोडू नयेत, कारण त्यांचा रंग आरोग्याला घातक असू शकतो. आणि परदेशी लॅटेक्सवरचा कर मात्र कमी करावा, कारण केरळचा माल कारखान्यांना परवडत नाही.

श्रुतिकाने खांद्यावरून वाचलं. "काका, एकाच कागदावर वाढवा पण आणि कमी करा पण?"

"जे आपल्याला विकायला त्रास देतं ते वाढवा, जे आपल्याला विकत घ्यायचं ते कमी करा. यात काय चुकलं?"

"केरळच्या रबरवाल्यांनीही असाच अर्ज दिला असेल. उलटा."

"ते त्यांचं बघतील, दीकरी. आपण आपलं बघायचं."

नयनाने पेन उघडलं. पहिली मागणी तिचीच होती, मंडळाच्या सभेत तिनेच ती लावून धरली होती. पण दुसऱ्या मागणीवर तिची नजर अडकली. तपासल्याशिवाय सोडू नयेत. सकाळी ती कुणावर चिडली होती?

"ठेवून जा," ती म्हणाली. "नीट वाचते आणि देते."

"तुमचाच तर आग्रह होता ने?"

"हो. तरी वाचते."

दिपकभाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग चहा न घेताच ते गेले.

मंगळवारी सकाळी नयनाने शुक्रीला हाक मारली. शुक्री गंजाडची. रोज टमटमने यायची, वीस वर्षं झाली. गळ्याची कड वळण्यात तिचा हात धरणारी डहाणूत कुणी नव्हती. वयाने नयनापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, आणि ती नयनाला पहिल्यापासून अगंतुगं करायची.

चहाच्या शेगडीवर पाणी ठेवलं. लॅटेक्सच्या टाकीचा थर्मामीटर त्यात धरला. चाळीसला काटा आला तसं ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून नयनाने लाल फुगा कापून टाकला आणि घड्याळ लावलं.

"काय करतेस ग, बाय?"

"जपानवाले म्हणतात, रंग उतरतो."

"तो उतरतोच."

नयनाने वर पाहिलं.

"गेल्या सालच्या गणपतीत मी घरी नेलेले चार फुगे," शुक्री म्हणाली. "नातीनं तोंडात धरला, चावला, दिवसभर सोडला नाय. ओठ लाल झाले. सून म्हणाली, कुणी लाली लावली पोरीला? धुतलं तरी दोन दिस गेलं नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तवा तू बायका कमी करीत होतीस. माझी नणंद गेली त्यात. तुला काय सांगू लाल ओठाचं?"

दहा मिनिटं झाली. ग्लासातलं पाणी कोकमाच्या पातळ सरबतासारखं दिसत होतं. दोघी बघत राहिल्या. बाजूला बसलेल्या बायकाही हात थांबवून बघत होत्या, म्हणून नयनाने ग्लास उचलून मोरीत ओतला.

दोन वर्षांपूर्वी तिने रंग बदलला होता. आधीचा रंग चांगला होता, तिचे वडीलही तोच वापरायचे. पण परदेशी पाकिटांशी स्पर्धा करायची, तर कुठेतरी हात आखडायला हवा होता. बायका कमी करण्याच्या आधी तिने रंग कमी केला. नवी पूड निम्म्या भावात मिळायची आणि दिसायला जास्त भडक होती. गिऱ्हाईक खूश झालं. कुणाला काही कळलं नाही. सोमवारी रात्रीच्या जेवणापर्यंत ती श्यामकांतला जपानची दारबंदी समजावून सांगत होती, आणि त्यातलं एक वाक्यही तिला आता पुन्हा म्हणता आलं नसतं.

"जुनी पूड असेल का त्या रंगवाल्याकडे?" तिने शुक्रीला उगाच विचारलं.

"मला काय ठाऊक. तू विचार."

बुधवारी तिने विचारलं. होती. भाव आणखी चढला होता. ती फोन ठेवून पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी तिने तीन वेळा शेड झाडायला लावली, साचे क्रमाने लावले, ते तिला पटले नाहीत म्हणून पुन्हा लावले. मधल्या टेबलावर दिपकभाईंचा कागद तसाच होता. संध्याकाळी तिने तो खणात टाकला आणि पाच मिनिटांनी बाहेर काढला.

गुरुवारी अकराला हिराता आले. साठीचा, बारीक, शर्टाच्या बाह्या दुमडलेला माणूस. दोन शहरांतल्या मीटिंगा आटोपून आला होता आणि दमलेला होता, तरी त्याने आधी भट्टी पाहिली, मग साचे, मग गरम पाण्याची टाकी. त्याचं इंग्रजी सावकाश होतं, नयनाचं तुटक. म्हणून श्रुतिका मध्ये उभी राहिली आणि दोघांचं एकमेकांना सांगत गेली.

नयनाने वाट पाहिली नाही. "यांना विचार, कर शून्य ठेवलाय, मग ही चाचणी कशाला? एका हाताने बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने ढकलायचं, असं आम्हाला वाटतं."

श्रुतिकाने जरा मऊ करून सांगितलं. हिरातांनी खिशातून छोटं भिंग काढलं आणि तयार फुग्यांतला एक उचलून त्याचा गळा पाहिला. मग दुसरा, मग पाचवा.

"ही कड कोण वळतं?"

"शुक्री. आज आली नाही ती. भात कापायला आलंय तिचं."

"ती कुठे राहते?"

"गंजाडला. इथून अर्धा-पाऊण तास."

"मला तिला भेटता येईल?"

नयनाला वाटलं, याला नकार सौम्य करायचा आहे, म्हणून फिरायला निघतोय. पण नाही कसं म्हणणार? तिने शेजारच्याची इको गाडी मागवली. रस्ताभर हिराता खिडकीतून बघत होते. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं, कुठे कापून पसरलं होतं, कुठे भारे डोक्यावर घेऊन बायका बांधावरून चालत होत्या. एका ठिकाणी त्यांनी गाडी हळू करायला सांगितली, थांबवली मात्र नाही.

शुक्री शेतातच होती. नवरा पांड्या आणि सून कापत होते, शुक्री भारे बांधत होती. पाहुणा बघून तिने पदर झटकला आणि विचारलं, "हा तोच?"

"तोच," नयना म्हणाली. "तू कड कशी वळतेस ते विचारतोय."

"इथं काय फुगा हाय वळायला?" शुक्री म्हणाली. पण हिरातांनी खिशातून न वळलेला एक फुगा काढला, शेडमधून उचलून आणला असावा. शुक्रीने ओंब्यांची धूळ लागलेली बोटं लुगड्याला पुसली आणि दोन बोटांत तो गळा धरून सर्रकन वळला. हिरातांनी तो हातात घेतला, ताणला, सोडला.

"माझी आई असं करायची," ते म्हणाले.

बांधावर करंजाच्या सावलीत सगळे बसले. शुक्रीच्या सुनेने तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी पानावर आणून दिली. हिराता मांडी घालून खायला लागले, आणि खाता खाता त्यांनी जे सांगितलं ते श्रुतिकाने तुकड्यातुकड्याने मराठीत सांगितलं.

त्यांचे वडील फुगे बनवत. टोकियोच्या पूर्वेला, नदीकाठी, दोन खोल्यांत. आई कड वळायची. त्यांचा मामा उत्तरेला भात पिकवायचा, दर वर्षी एक पोतं पाठवायचा.

"आमच्या देशाने भाताला कुंपण घातलं," हिराता म्हणाले. "बाहेरच्या तांदळावर एवढा कर, की तो आणायचं कुणाच्या मनातही येऊ नये. आणि आम्हाला गाड्या विकायच्या होत्या, यंत्रं विकायची होती, सगळ्या जगात. मग जग म्हणतं, तुम्हीही आमचं काहीतरी घ्या. भाताचा बाजार द्यायचा नव्हता. फुग्यांचा दिला. फुगेवाले किती होते? त्यांची मतं किती?"

"मग?" नयनाने विचारलं.

"मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा वडिलांनी साचे भंगारात दिले. त्याच वर्षी मला नोकरी लागली, बाहेरून खेळणी आणणाऱ्या कंपनीत. माझी पहिली खेप फुग्यांची होती."

श्रुतिका थांबली. नयनाने स्वतःच विचारलं, "वडील काय म्हणाले?"

"एक पाकीट मागून घेतलं. एक फुगा फुगवला, पाहिला. म्हणाले, गळा वाईट वळलाय. दुसरं काही बोलले नाहीत. त्या वर्षीही नाही, नंतरही नाही."

पांड्या कापायचं थांबून विळ्यावर हात ठेवून ऐकत होता. त्याने विचारलं, "आन मामा? त्याचं भात?"

हिराता हसले. "मामा एकोणऐंशीचे आहेत. शेत आहे, भाव आहे, करायला कुणी नाही. त्यांची मुलं शहरात. गेल्या वर्षी आमच्याकडे तांदूळ इतका महागला, की माझी बायको दुकानातून परदेशी तांदळाची पिशवी घेऊन आली. मला म्हणाली, मामांना सांगू नका."

"म्हणजे कुंपण चांगलं की वाईट?" नयनाने विचारलं.

"मला नका विचारू. मी दोन्हीकडचं खाल्लेलं आहे."

शुक्रीला यात रस नव्हता. तिचं भात विकायला जातच नसे, घरात खायला पुरलं तरी पुष्कळ. ती नयनाकडे वळून म्हणाली, "एवढा लांबून आलाय, बस झालं बोलणं. विचार त्याला, घेणार का नाय."

आणि तेव्हा नयनाने सांगितलं. ठरवून सांगितलं असं नाही. समोर शुक्री होती, तिची नात सुनेच्या कडेवर होती, आणि तो ग्लास शुक्रीने पाहिला होता. तिच्यासमोर जपानच्या नियमाला नावं ठेवणं नयनाला जमेना.

"लाल रंग मी स्वस्तातला घातला. दोन वर्षं झाली. त्याआधी उतरत नव्हता. श्रुतिका, सांग त्यांना."

श्रुतिका आईकडे बघत राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं.

"सांग."

तिने सांगितलं. हिरातांनी भाकरीचा तुकडा संपवला आणि विचारलं, "जुना रंग अजून मिळतो?"

"मिळतो. महाग आहे."

"मला भाव वाढवता येणार नाही. आणखी दोन देशांचे लोक माझ्याकडे नमुने घेऊन बसलेत."

"माहीत आहे."

"सहा आठवडे थांबतो. नवे नमुने पाठवा."

त्यांनी हात धुतले, शुक्रीला वाकून नमस्कार केला. तीही गडबडून वाकली. हिरातांना स्टेशनवर सोडल्यावर श्रुतिका म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंस."

"तू मला दटावलं असतंस."

"दटावलंच असतं."

शनिवारी दिपकभाई सही न्यायला आले. नयनाने कागद पुढे ठेवला. दुसऱ्या मागणीतल्या 'परदेशी फुगे' या शब्दांवर तिने पेन्सिलीने रेघ मारून 'सर्व फुगे' लिहिलं होतं.

दिपकभाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"आ शुं छे? हे काय?"

"दिपकभाई, माझा लाल उतरतो. मी बघितला पाण्यात टाकून. दुसऱ्याचा तपासा असं लिहून खाली सही कशी करू?"

त्यांनी उठून शेडचं दार लोटून घेतलं. परत येऊन हळू आवाजात म्हणाले, "माझापण उतरतो. सगळ्यांचाच उतरतो, नयनाबेन. म्हणून तर 'परदेशी' लिहिलंय. 'सर्व' लिहिलं, तर आपल्यातले किती उरतील? तुम्ही, मी, अजून एखादा. बाकीच्यांच्या शेडमध्ये किती बायका कामाला आहेत, मोजल्यात कधी?"

लहान कारखानेवाले तिच्या ओळखीचे होते. एकाच्या मुलीच्या लग्नात ती परवाच जेवून आली होती.

"मग मुदत मागू या," ती म्हणाली. "सगळ्यांना लागू करा, पण दोन वर्षांनी. तोवर चांगला रंग आपण मंडळातर्फे एकत्र आणू. लॅटेक्सचा टँकर आणतो तसा."

"दिल्लीला आपण मागायला चाललोय की आपलाच गळा द्यायला?"

"मग माझी सही राहू दे."

"राहू दे?" त्यांनी कागद घडी घातला. रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. "तुमच्या बापूजींनी आणि मी मिळून मंडळ काढलं. आता लोकांना काय सांगू? जपानचं गिऱ्हाईक मिळालं म्हणून बेन बाजूला झाली?"

"मिळालेलं नाही अजून."

"लोक ते विचारणार नाहीत."

ते गेल्यावर नयना बराच वेळ दारातच उभी राहिली. सही केली असती तर काय बिघडलं असतं, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होती. तो कागद दिल्लीत कुठल्या तरी फायलीत गेला असता. कर वाढला असता, तर तिलाही हवाच होता. आजही हवा आहे. मग? तिला नीट सांगता येत नव्हतं. श्यामकांतलाही संध्याकाळी सांगता आलं नाही. तो म्हणाला, "दोन ओळींसाठी तीस वर्षांचा संबंध तोडलास." ती म्हणाली, "तोडला नाही." पण पुढचा लॅटेक्सचा टँकर आला तेव्हा त्यात तिचा वाटा नव्हता. कुणी नाही म्हणालं नाही, फक्त फोन आला नाही. तिला एकटीला पिंपांनी लॅटेक्स घ्यावा लागला, चढ्या भावाने, आणि त्यावेळी केरळच्या रबरवाल्यांना तिने मनातल्या मनात चांगल्याच शिव्या दिल्या.

त्या सहा आठवड्यांत दिवाळी येऊन गेली. जुनी पूड आणली. तरी पहिल्या घाण्याचं पाणी किंचित गुलाबी झालं. शुक्री म्हणाली, टाकीतून लवकर काढतो आपण, तिथं जास्त मुरू दे. गरम पाण्याच्या टाकीत फुगे दुप्पट वेळ ठेवले, पाणी दर घाण्याला बदललं. लाकूड जास्त लागलं, दिवसाचा माल कमी निघाला. तिसऱ्या खेपेला लाल स्वच्छ निघाला. नारिंगी काही केल्या निघेना. शेवटी नयनाने तो सोडून दिला आणि चार रंग पाठवले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. चारही पास. ऑर्डर आली ती मात्र आशेच्या निम्मी होती. उरलेली दुसऱ्या देशातल्या कारखान्याला दिली, असं हिरातांनी मोकळेपणाने लिहिलं होतं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, असंही.

दिपकभाईंचं मंडळ दिल्लीला जाऊन आलं. अर्ज घेतला गेला, विचार करू असं सांगितलं गेलं. हे नयनाला बाजारात दुसऱ्याच कुणाकडून कळलं. एकदा स्टेशनबाहेर दिपकभाई समोर आले. दोघं थांबली. त्यांनी विचारलं, "लाल निघाला?" ती म्हणाली, "निघाला. कसा ते सांगते, या कधी." ते "हं" म्हणाले. आले मात्र नाहीत, निदान अजून तरी.

निम्म्या ऑर्डरला चार बायका जास्त लागणार होत्या. घरी बसवलेल्या आठ जणींपैकी तिघी निरोप मिळताच आल्या. चौथी बुधी, शुक्रीची नणंद. ती तलासरीला कामाला लागली आहे, असं शुक्री म्हणाली. "तू स्वतः जा. माझ्या सांगण्यानं यायची नाय."

नयना स्कूटर घेऊन गेली. हायवेच्या कडेला एका पॅकिंगच्या गोडाऊनबाहेर दुपारच्या सुट्टीत बुधी डबा खात बसली होती. अंगात कंपनीचा निळा कोट. नयनाला पाहून ती उठली नाही, पण बाजूला सरकून जागा केली.

"शुक्री बोलली मला," ती म्हणाली. "जपानचं काम आलंय म्हणे."

"आलंय. तुझा हात हवा आहे कड वळायला. मागच्यापेक्षा पगार थोडा जास्त देईन."

"किती दिवस?"

"चार महिने नक्की."

"पुढं?"

नयनाने रस्त्याकडे पाहिलं. गुजरातकडे जाणारे कंटेनर एकामागून एक जात होते. कशात काय भरलंय, कुठून आलंय, कळायला मार्ग नव्हता. तिला खोटं बोलता आलं असतं.

"पुढचं मला माहीत नाही. त्यांना दुसरीकडे स्वस्त मिळालं, तर ते तिकडे जातील. आपल्याकडचा कर वाढला, तर इथला बाजार परत मिळेल कदाचित. वाढेल की नाही, तेही माहीत नाही."

"इथं पण माहीत नाय," बुधी म्हणाली. "कंत्राटदार बोलतो, मार्चपर्यंत हाय. तेच्या पुढं कंपनी कुठं जाते बघू." तिने डबा बंद केला. "फरक काय, बाय? इथं उभं राहून पाय दुखतात, तुझ्याकडं बसून पाठ."

"घर जवळ पडेल तुला."

"ते खरं." बुधीने डबा पिशवीत ठेवला. "त्या वेळी तू आम्हाला सांगितलं नव्हतंस. शनिवारी हिशोब दिलास आन बोललीस, सोमवारपासून येऊ नका. आठ दिस आधी सांगितलं असतं, तर मी दुसरं बघितलं असतं. दोन महिने बसून होती मी."

"चुकलं माझं."

"आता सांगशील का आधी?"

"सांगेन. महिनाभर आधी सांगेन. लिहून देते हवं तर."

"लिहून दे," बुधी म्हणाली. "मला वाचता येत नाय, पण पोरगी वाचते."

नयनाने पर्स उघडली. कागद नव्हता. लॅटेक्सच्या पिंपाची पावती होती, तिच्या पाठीमागे तिने गुडघ्यावर ठेवून चार ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. बुधीने ती घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. गोडाऊनची घंटा वाजली तशी ती उठली.

"एक तारखेला पगार घेऊन मग येते," ती म्हणाली आणि आत गेली.

नयनाने स्कूटर वळवली. चारला भट्टी उतरवायची होती, आणि तिला घाई झाली होती.